गंगूअक्कांच्या वाटीतलं प्रोटीन

"दोन पॉइंट सहा." डॉक्टरांनी रिपोर्ट माझ्या टेबलावर टाकला. "तीन आठवड्यांपूर्वी किती होतं?"

"दोन पॉइंट पाच."

"म्हणजे तुमच्या फ्रूट बाउलनं तीन आठवड्यांत पॉइंट एकची कमाई केली. अभिनंदन!"

आमचे डॉक्टर बिरादार सर्जन आहेत आणि हॉस्पिटलचे मालकही. ते ओरडतात तेव्हा काळजीचं कारण नसतं, कारण ते सगळ्यांवरच ओरडतात. ते अभिनंदन करतात तेव्हा मात्र समोरच्यानं खुर्ची सोडून उभं राहायचं असतं. मी उभा राहिलो.

मी डाएटिशियन. भालकीतल्या चाळीस खाटांच्या या हॉस्पिटलात कोणत्या पेशंटनं काय खावं हे ठरवणं माझं काम. अठरा वर्षं हेच करतोय, आणि अठरा वर्षं लोक मला विचारतायत, "म्हणजे तुम्ही नक्की करता काय?" माझं लग्न जमत होतं तेव्हा मुलीच्या मामांनी तर स्पष्टच विचारलं होतं, की काय खायचं हे सांगायला कॉलेजात जावं लागतं का; त्यांच्या घरात ते सगळेच सांगतात. मुद्दा बिनतोड होता. लग्न तरीही झालं, ते बायकोच्या चांगुलपणामुळे.

रिपोर्ट गंगूअक्कांचा होता. वय पंचावन्नच्या पुढे, गाव भालकीपासून अर्ध्या तासावर. उसाची ट्रॉली मागं घेताना तिचा पत्रा अक्कांच्या पायाला घासला आणि घोट्याच्या वर वीतभर कातडं सोलून निघालं. हाड वाचलं. पण एवढी मोठी उघडी जखम आपली आपण भरत नाही. त्यासाठी स्किन ग्राफ्ट करतात, म्हणजे मांडीवरचं पातळ कातडं काढून जखमेवर ठिगळ लावतात. ते ठिगळ धरायला अंगात प्रोटीन लागतं. रक्तात जे प्रोटीन मोजतात त्याला अल्ब्युमिन म्हणतात. ते साडेतीनच्या आसपास असावं. तीनच्या खाली गेलं की सर्जन कातड्याला हात लावायला बिचकतो. आणि अक्कांचं अडीच. अशा अवस्थेत ठिगळ लावलं तर ते कुजणार आणि मांडीवर आणखी एक जखम पदरात पडणार. नाही लावलं तर उघड्या जखमेतून इन्फेक्शन हाडात उतरणार. मग पाय ठेवायचा की काढायचा, अशी चर्चा सुरू होते.

"प्लॅस्टिक सर्जन कलबुर्गीहून सव्वा महिन्यानं येणार," डॉक्टर म्हणाले. "तेव्हा मला तीन पाहिजे. नाहीतर मी बाईंना मोठ्या दवाखान्यात पाठवतो. पायाचं काय ते तिथले लोक ठरवतील."

एवढं बोलून ते गेले. रिपोर्ट टेबलावर राहिला.

आता त्या फ्रूट बाउलबद्दल. हा शब्द माझा नाही. आमच्या हॉस्पिटलनं मोबाईलवर व्हिडिओ टाकायला हैदराबादची एक एजन्सी ठेवली आहे. त्यांनी एक स्क्रिप्ट पाठवलं होतं, 'पाच मिनिटांत, गॅस न पेटवता, हाय-प्रोटीन फ्रूट बाउल.' साहित्य: ग्रीक योगर्ट, ब्लूबेरी, चिया सीड्स, बदामाचं बटर आणि जिमवाल्यांच्या व्हे पावडरचा एक स्कूप. भालकीत ब्लूबेरी केकच्या दुकानातल्या पोस्टरवर मिळते. बाकीच्या वस्तू पोस्टरवरही नाहीत.

पण कल्पना वाईट नव्हती. अक्का घरीच होत्या, दवाखान्यात फक्त ड्रेसिंगला यायच्या, आणि त्यांना चुलीपुढं उभं राहता येत नव्हतं. तोंडाला चव नव्हती. अंडं त्यांच्या घराचा उंबरा ओलांडत नाही. सून सविता दिवसभर तुरीच्या राशीत, म्हणजे मळणीत, अडकलेली. अशा घरात 'डाळ शिजवा, उसळ करा' म्हणून सांगणं सोपं, होणं अवघड. म्हणून मी त्या स्क्रिप्टचं भालकीत रूपांतर केलं. ग्रीक योगर्टच्या जागी चक्का, म्हणजे दही फडक्यात टांगून पाणी गाळलेलं. घरी दोन म्हशी होत्या, दह्याला तोटा नव्हता. व्हे पावडरच्या जागी साधी दूध पावडर, दोन चमचे. बदामाच्या बटराऐवजी भाजक्या शेंगदाण्यांचं कूट. वर दोन चमचे पुटाणीचं पीठ. चिवड्यात जी भाजकी डाळ घालतात, तिला आमच्याकडं कन्नडातलं हे नाव चालतं. चियाला सुट्टी दिली. आणि ब्लूबेरीच्या जागी पपई, पेरू, केळ, जे घरात असेल ते.

फळांबद्दल एक गोष्ट उघडपणे सांगतो, कारण व्हिडिओत कोणी सांगत नाही. फळात प्रोटीन जवळजवळ नसतंच. केळ्यात गोडी आहे, ताकद आहे, पेशंटला बघायला येणाऱ्याचं प्रेमही आहे; प्रोटीन एक ग्रॅम. फळ हे आमिष आहे. नुसता चक्का आणि पीठ पेशंट दोन दिवसांत नको म्हणतो. त्यात पपईच्या चार फोडी टाकल्या की तेच मुकाट्यानं गिळतो. अशा एका वाटीत वीस ग्रॅमच्या आसपास प्रोटीन बसतं. अक्कांची किडनी चांगली, साखर नाही, म्हणून मी दिवसाला तीन वाट्या लिहून दिल्या. रोजच्या जेवणाच्या वर साठ ग्रॅम. एवढ्या प्रोटीनवर भिंतीलासुद्धा कातडं धरलं असतं.

मी सविताला फोन लावला.

"वाट्या करायलीस का?"

"व्हय की सर. तीन टायम."

"चक्का किती घालतीस?"

"तुम्ही सांगितलाव तेवढा. वाटीभर."

"दूध पावडर?"

"दोन चमचे. सपाट न्हाई, शिगोशीग."

"आणि वाटी संपते का?"

"संपते म्हंजे? पुसून संपती सर! आता तर धा-बारा वाट्या करायलाव रोज."

धा-बारा! मी फोन ठेवला आणि कागदावर गुणाकार केला. दोनशे ग्रॅमच्या वर. एवढं प्रोटीन पोटात जाऊन रक्तात दिसत नसेल तर ते कुठंतरी गळत असलं पाहिजे. लघवीतून जात असेल, किंवा लिव्हर ते बनवत नसेल. मी डॉक्टरांना सांगितलं. त्यांनी दोन्ही तपासण्या केल्या. दोन्ही नॉर्मल आल्या.

"किडनी बरोबर, लिव्हर बरोबर," ते म्हणाले. "आता एकच अवयव तपासायचा राहिलाय. तुमचं डोकं."

एक बाई दिवसाला बारा वाट्या कशी खाईल, हा साधा प्रश्न मला तेव्हा पडला नाही, यावरून त्यांच्या संशयात तथ्य होतं. दुसऱ्या दिवशी दुपारी मी मोटरसायकल काढली आणि अक्कांच्या घरी गेलो.

ओसरीत बाजेवर अक्का, पाय उशीवर. खाली सतरंजीवर सात-आठ माणसं. बसवकल्याणकडची, अक्कांच्या चुलत नणंदेच्या घरची. खुंटीला केळ्यांचे तीन घड. मधोमध अक्कांचे मालक माणिकअप्पा, ट्रॉली कशी मागं आली हे हातवारे करून सांगत होते. गोष्ट मुरलेली होती. कुठं थांबायचं, कुठं आवाज खाली आणायचा, सगळं बसलेलं होतं.

"या सर, या!" अप्पा उठले. "सविते, सरांना आण गं."

"चहा नको, अप्पा."

"चहा कोण देतंय आता? आमच्या घरचं पेशल बघा."

स्टीलची वाटी हातात आली. खरं सांगतो, फार सुंदर झालं होतं. सवितानं त्यात वेलदोडा आणि चिमूटभर गूळ घातला होता, ते माझ्या कागदावर नव्हतं. पपई पिकलेली, चक्का घट्ट, शेंगदाण्याचं कूट दाताखाली येत होतं. मी सकाळी घाईत निघालेलो, पोटात काही नव्हतं. अप्पा बोलत होते, मी खात होतो. वाटी अर्धी झाल्यावर मी मान वर केली. सतरंजीवर जेवढी माणसं, तेवढ्या वाट्या. बाजेवर एकही नाही.

"अक्का, तुमची वाटी?"

"खाते की. पाव्हणं जाऊ द्या. उरल्यालं खाते."

"उरतं का?"

अक्का हसल्या. "उरतंय की एखाद्या टायमाला."

माझा चमचा हवेत थांबला. पेशंटचं प्रोटीन कुठं गळतंय ते शोधायला मी आलो होतो, आणि त्यातलं दहा ग्रॅम नुकतंच माझ्या पोटात गेलं होतं. मी वाटी खाली ठेवली. मला खरोखर लाज वाटली. अप्पांना वाटलं, गोड कमी पडलं.

आमच्या भागात आजारी माणसाला बघायला जावंच लागतं. नाही गेलं तर पुढच्या लग्नात चारचौघांत ऐकवतात. आणि जो बघायला येतो, त्याला कोरड्या तोंडानं परत धाडत नाहीत. पूर्वी यावर चहा होता. चहात साखर, पाणी आणि थोडं दूध; तो पाहुण्यांनी पिऊन पेशंटचं काही बिघडत नव्हतं. पण माझी रेसिपी आली आणि चहा मागं पडला. गॅस पेटवायचा नाही, पाच मिनिटांत होतं, पौष्टिक आहे, आणि डॉक्टरांच्या माणसानं सांगितलेलं आहे. पाहुणचाराला याहून सोयीचं काय असणार? अक्कांकडं येणाऱ्यांची संख्याही वाढली होती. त्याचं श्रेय मी कुणाला देत नाही.

"अप्पा, हे पाहुण्यांसाठी नाही. हे अक्कांचं औषध आहे."

"व्हय सर. पण आल्याल्या माणसाला काय द्यावं मग?"

"चहा द्या."

"घरात एवढं चांगलं असताना चहा देऊ? लोकं काय म्हणतील? बायको पडली आणि माणिकअप्पानं हात आखडला!"

मी परत येऊन डॉक्टरांना सगळं सांगितलं. अर्धी वाटी सोडून.

"औषध आहे ना?" डॉक्टर म्हणाले. "मग औषधासारखं द्या."

फार्मसीतून प्लॅस्टिकच्या झाकणाच्या डब्या घेतल्या. कॉम्प्युटरवर लेबल छापलं: 'गंगूबाई माणिकराव. दिवसातून तीन वेळा. फक्त रुग्णासाठी.' खाली हॉस्पिटलचा शिक्का, जांभळ्या शाईत. सविताला सांगितलं की कालवलं की याच डब्यांत भरायचं. लेबलकडं बघून डॉक्टर खूश झाले. मीही झालो. दुसऱ्याचं औषध कोण खातं? असं आम्हा दोघांना वाटलं, म्हणजे शिकून माणूस किती मागं जाऊ शकतो ते बघा. मी याच भागात वाढलो आहे. एकाच्या गुडघ्याच्या गोळ्या गल्लीतल्या सगळ्या गुडघ्यांना पुरवतात, हे मला लहानपणापासून माहीत होतं.

आठ दिवसांनी मला बसवकल्याणहून एक फोन आला. अनोळखी माणूस.

"सर, ते गुडघ्याचं औषध तुमच्याकडंच मिळतंय का?"

"कुठलं औषध?"

"पांढरं. डबीतलं. पपई घातल्यालं. गंगूअक्काकडं दोन चमचे खाल्लो, दोन दिस गुडघा दुखलाच न्हाई बघा."

मी सविताला फोन केला. तिनं प्रामाणिकपणे सांगितलं. लेबल लावल्यापासून मागणी वाढली होती. 'फक्त रुग्णासाठी' वाचल्यावर येणारा प्रत्येक जण रुग्ण निघत होता. कुणाची कंबर, कुणाचा बीपी, कुणाला नुसताच थकवा. चाळिशीनंतर ठणठणीत माणूस त्या पंचक्रोशीत सापडत नाही. डब्या पुरेनात म्हणून तिनं ते लेबल आता मोठ्या स्टीलच्या डब्यावर चिकटवलं होतं.

त्याच आठवड्यात अक्का ड्रेसिंगला आल्या. डॉक्टरांनी मला मुद्दाम आत बोलावलं. तोवर मी अक्कांचे नुसते आकडे बघत होतो. पाय पहिल्यांदाच जवळून बघितला. भरत आलेली जखम लाल आणि दाणेदार दिसते. ही फिकट होती. कडा पिवळट. पट्टी सुटली तसा वास आला. अक्का छताकडं बघत पडल्या होत्या. कण्हल्या नाहीत. नर्सनं पट्टी संपवली तेव्हा त्यांनी मान माझ्याकडं वळवली.

"सर, पाय ऱ्हाईल का?"

 डॉक्टर माझ्याकडं बघत होते.

"राहील, अक्का," मी म्हणालो.

कुणाच्या भरवशावर म्हणालो, मला माहीत नाही. बाहेर येऊन मी अक्कांचा चार्ट पुन्हा काढून बसलो. अठरा वर्षांत माझ्या चार्टमुळे कुणाचा पाय जाईल अशी वेळ आली नव्हती. माझं काम कोणी मनावर घेत नाही याचा एक फायदा होता, तो संपला.

दुसऱ्या दिवशी मी पुन्हा त्यांच्या घरी. मनात भाषण तयार होतं. आज सहा पाहुणे होते, मधे अप्पा. मी कुणाची पर्वा न करता बाजेजवळ जाऊन बसलो.

"अक्का, तुम्ही खात कामून न्हाई?"

"सर, ही माणसं कामं बुडवून आल्यात. तूर पडलीय रानात. माझ्यासाठी आल्यात ती. त्यांच्या पुढ्यात मी एकटीनं चमचा चाटत बसू? घास उतरत न्हाई हो."

माझं भाषण तिथंच संपलं. न्यूट्रिशनच्या पुस्तकात घास का उतरत नाही याची वीस कारणं दिलेली आहेत. हे त्यात नाही.

तेवढ्यात सवितानं मोठा डबा आणून मधे ठेवला, वर जांभळा शिक्का. वाट्या आणायला ती आत वळली. पाहुण्यांत उदगीरचे एक म्हातारे गृहस्थ होते, सगळे त्यांना मामा म्हणत होते. वाट्या येईपर्यंत त्यांना धीर निघेना. त्यांनी डब्यातला चमचा उचलला, सरळ तोंडात घातला, चव घेतली.

"गोड जरा कमी हाय," असं म्हणून त्यांनी तोच चमचा परत डब्यात बुडवला.

 सविता वाट्या घेऊन दारात थबकली.

"उष्टं केलाव की वो मामा!"

तिनं डबा उचलून भिंतीकडेला ठेवला आणि दुसरं कालवते म्हणाली. पण आता कुणालाच नको होतं. एकाचं पोट भरलेलं होतं, एकाचा उपास निघाला. मामाही ओशाळून म्हणाले, की त्यांना दही सोसतच नाही.

मी त्या डब्याकडं बघत राहिलो. लेबल लावून जे झालं नव्हतं, शिक्का मारून झालं नव्हतं, ते मामांनी एका चमच्यात केलं होतं. उघड्या ओसरीत, सहा माणसांच्या मधोमध, डबाभर प्रोटीन पडलं होतं आणि कुणी त्याला बोट लावायला तयार नव्हतं.

"सविता, दुसरं कालव," मी म्हणालो.

ती आत गेली. गॅस नाही, काही नाही; पाच मिनिटांत नवा डबा आला. मी तो बाजेवर अक्कांच्या पुढ्यात ठेवला.

"आता पहिला चमचा अक्कांचा. तोंडात घालायचा आणि तोच परत डब्यात घालायचा. इथून पुढं रोज, तिन्ही वेळा, कालवलं की लगेच."

याला आमच्या अभ्यासात कंटॅमिनेशन म्हणतात. तोंडातला चमचा अन्नात परत घालू नका, हे सांगायला मला तीन वर्षं शिकवलं होतं. आता मीच ते लिहून देत होतो. फक्त तासाभरात संपवायचं, उरलं तर टाकून द्यायचं, एवढं बजावलं, म्हणजे डिग्रीची थोडी तरी लाज राखल्यासारखं झालं.

सविता माझ्याकडं अशी बघत होती, जणू मी चपला घालून देवघरात शिरलोय.

"मी?" अक्का म्हणाल्या. "आधी?"

"हो, अक्का."

"अजून ह्यांनी खाल्लं न्हाई. पाव्हणं बसल्यात. आणि मी उष्टं करू?"

त्यांनी चमचा भरला. हनुवटीपर्यंत नेला आणि परत खाली आणला. पुन्हा नेला, पुन्हा आणला.  काल पट्टी सोडताना या बाईच्या डोळ्यांत टिपूस नव्हतं. आज चमचाभर दह्यापुढं डोळे भरून आले. माझ्या रेसिपीत पाच वस्तू होत्या आणि कृती चार ओळींची होती. यातलं सगळ्यात अवघड काम मी त्यात लिहिलंच नव्हतं.

"खा," अप्पा म्हणाले.

मी त्यांच्याकडं बघितलं. इतके दिवस माझ्या हिशेबात मुख्य आरोपी तेच होते.

"तुम्ही घ्या आधी," अक्का पुटपुटल्या.

"खा म्हणलो न्हवं?" अप्पांचा आवाज चढला. "चाळीस वर्सं माझ्या उष्ट्या ताटात जेवलीस. तुला काय उरलंय म्हणून मी कधी इचारलो का? आज एक चमचा आधी खाल्लीस तर आभाळ कोसळत न्हाई." मग ते पाहुण्यांकडं वळले. "काय हो पाव्हणं? कोसळतंय का?"

"छे छे, न्हाई कोसळत," सहाही जण एका सुरात म्हणाले. त्यांच्या पोटातही आजवर कुणाकुणाचा घास गेला होता, ते त्यांना कळलं असावं.

अक्कांनी भिंतीकडं तोंड फिरवलं आणि चमचा तोंडात घातला. बराच वेळ तो तिथंच राहिला. मग त्यांनी तो डब्यात बुडवला, आणि डबाभर एकदा गोल फिरवला. फिरवायला मी सांगितलं नव्हतं.

त्या दिवसापासून घरात पद्धत ठरली. वाटीभरच कालवायचं, ताजं, पहिला चमचा अक्कांचा. अप्पांना तर ही व्यवस्था फारच मानवली. येणाऱ्या प्रत्येकाला ते तोंड भरून सांगायचे, "दिलो असतो हो, पण उष्टं हाय." हात आखडल्याचा ठपका नाही, पाहुण्याचा रुसवा नाही. उष्टं पाहुण्याला देता येत नाही, हे पाहुण्यालाही मान्य. मग चहा व्हायचा. गर्दीही हळूहळू उतरली. बसवकल्याणच्या गुडघ्यांना मी हाडांच्या डॉक्टरांचा पत्ता दिला.

प्लॅस्टिक सर्जन यायच्या दोन दिवस आधी रक्त घेतलं. तीन पॉइंट एक. जखम लाल, दाणेदार, वास गेलेला. मांडीवरचं कातडं काढून ठिगळ लावलं. पाचव्या दिवशी पट्टी उघडली तेव्हा मी दाराशी उभा होतो. ठिगळानं धरलं होतं. कडेनं गुलाबी रेघ दिसत होती. अक्का या वेळी छताकडं बघत नव्हत्या. कोपरावर उठून पायाकडं बघत होत्या. डॉक्टर मला म्हणाले, "ठीक आहे," आणि पुढच्या पेशंटकडं गेले. त्यांनी अभिनंदन केलं नाही, म्हणून मी निर्धास्त झालो.

एजन्सीला ही बातमी कळली आणि त्यांना व्हिडिओ करायचा झाला. मी रेसिपी जशी झाली तशी लिहून पाठवली. पाचवी पायरी: 'रुग्णाने पहिला चमचा तोंडात घालून तोच परत डब्यात घालावा.'

हैदराबादहून एका मुलीचा फोन आला. "सर, स्टेप फाइव्हमध्ये टायपिंग मिस्टेक आहे."

"नाही."

"पण सर, हायजीन?"

"ते मलाही शिकवलंय."

तिनं विचार करून कळवते म्हणून सांगितलं. पंधरा दिवसांनी व्हिडिओ आला. पांढऱ्याशुभ्र किचनमध्ये एक तरुणी ब्लूबेरी घातलेल्या बाउलकडं बघून हसते आणि एकटीच निवांत खाते. छान झाला आहे. घरात तिला बघायला कोणीही आलेलं नाही, त्यामुळे पाचव्या पायरीची गरज पडली नाही.

दोन महिन्यांनी अक्का तपासणीला आल्या, काठी न घेता, चालत. सविता बरोबर होती. तिची माझ्याकडं तक्रार होती.

"सर, अत्याबाईंना सवय लागलीय. श्रीखंड करू दे, आमरस करू दे, कायबी केलं की आधी ह्यांचा चमचा. नैवेद्य काढून ठेवायलासुदिक पळावं लागतंय."

"दवाखान्याचं हाय बाई ते," अक्का जराही न लाजता म्हणाल्या. "सरांनीच सांगितलंय."

मी फायलीत मान घातली. डॉक्टरी सल्ला अर्धवट पाळणारे पेशंट मला रोज भेटतात. जास्त पाळणारी ही पहिलीच.

तेव्हापासून माझ्या डाएट चार्टमध्ये एक रकाना वाढला आहे. किती ग्रॅम आणि किती वेळा, हे नंतर. सगळ्यात वर लिहिलंय, 'केलेलं कोण कोण खातं?' हा मेडिकल प्रश्न आहे का, असं डॉक्टर अधूनमधून विचारतात. मी हो म्हणतो. घरचे लोक तिथं हमखास 'पेशंट' असं लिहितात, आणि मी ते खोडून त्यांना पुन्हा विचारतो. अक्कांच्या चार्टवर तेव्हा हा रकाना नव्हता, हे माझं नशीब. तो असता आणि त्या पहिल्या दुपारी कुणी तो खरा भरला असता, तर पाहुण्यांच्या यादीत शेवटी माझं नाव लिहावं लागलं असतं. पुढं कंसात, अर्धी वाटी.